कारंज्याला घेतलेली जोड

कपाशी फुटायला लागली की आमच्याकडची माणसं खुशीत असतात. दिवाळीच्या आगेमागे सकाळच्या उन्हात शेताच्या कडेने चालावं, तर काल मिटलेलं बोंड आज उकललेलं दिसतं. पहिल्या वेचणीच्या दिवशी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खडे मांडून, दहीभाताचा नैवेद्य दाखवून सीतादही करतात, आणि मग बायका कमरेला ओटी बांधून तासातासाने, म्हणजे कपाशीच्या ओळीओळीने, उभ्या राहतात. गप्पा, थट्टा, मधूनच कुणाचं तरी गाणं. दुपारपर्यंत ओट्या अशा फुगतात की सगळ्याजणी पोटुशा दिसायला लागतात, आणि त्यावरून पुन्हा थट्टा. सगळ्या वर्षात एवढं हसणं आमच्या गावात दुसऱ्या कुठल्या दिवसांत ऐकू येत नाही.

आणि नेमक्या याच दिवसांत मी घरात सगळ्यांवर खेकसत असते. चहा गोड झाला म्हणून, दार उघडं राहिलं म्हणून, कशावरूनही. सून बिचारी शेजारणींना सांगते, "आईंना कापसाची धूळ बाधते." सांगू दे. धुळीने मला काही होत नाही. मला लाज वाटते, आणि लाज वाटली की माझा आवाज चढतो. हा स्वभाव लहानपणापासूनचा आहे, आता सत्तरीत काय बदलायचा.

परवा दारावरून कापसाची बैलबंडी गेली. हल्ली बंडीला लाकडी चाकं नसतात, मोटारीची जुनी टायरं बसवतात. खडखडाट नाही, काही नाही, एवढी भरलेली बंडी मांजरासारखी निघून गेली. मी ओट्यावर बसून त्या टायरांकडे बघत होते. उजवीकडचं एका नक्षीचं होतं, डावीकडचं वेगळ्याच. बंडीवाल्याला त्याचं काहीही वाटत नव्हतं. मी उठून आत गेले आणि नातवाला उगाचच रागावले.

पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट, दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती ती. आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, डोळ्यांचे डॉक्टर होते. नागपूरला शिकून आले होते आणि शहरात दवाखाना थाटायचा सोडून एका धर्मादाय फंडाची मोटर घेऊन खेडोपाडी हिंडायचे. मोटर म्हणजे जुनी लॉरी. तिच्या पाठीवर सुताराकडून सागवानी खोली बांधून घेतली होती. आत समोरासमोर दोन फळ्या, दिवसा बसायला आणि रात्री झोपायला. एका कोपऱ्यात स्टोव्ह, दुसऱ्यात हत्यारांचं कपाट, मधे माझ्या जुन्या लुगड्याचा पडदा. स्पिरिटचा, पेट्रोलचा आणि भाकरीचा असा मिळून एक वास त्या खोलीला होता. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत आम्ही त्यातच राहायचो. लोक तिला चालतं घर म्हणायचे. माझा संसार खरा सुरू झाला तो त्या चार चाकांवरच, आणि मला त्याचा फार तोरा होता. गावात मोटर शिरली की पोरं मागे धावायची, बायका दाराशी यायच्या, आणि मी खिडकीतून राणीसारखी बघायची.

मोटर चालवायला संपत होता. माळ्याचा. कारंज्याला लागूनच त्यांचा मळा होता, वांगी, मेथी, मिरच्या, आणि आईबाप रोज पहाटे बाजारात भाजी घेऊन बसायचे. संपत आधी एका जिनिंगच्या लॉरीवर होता. तिशीचा, बारीक अंगाचा, बोलायला एकदम कमी. एखादी गोष्ट हातात घेऊन, दाबून, उलटीपालटी करून बघितल्याशिवाय त्याचं समाधान होत नसे. मी काडेपेटी मागितली तरी हलवून बघून मग द्यायचा. मला त्याची ही सवय खटकायची. माझं माहेर वाशीमच्या बाजूला, मोठ्या शेतीचं. आमच्याकडे वस्तू नजरेने पारखायची पद्धत. भाजीवाल्यासारखं काय चाचपायचं, असं मला वाटायचं.

बैलांचं सांगते, म्हणजे माझी अक्कल कुठून आली ते कळेल. आमचे बाबा बैलांचे दर्दी. दहा कोसांवरची माणसं त्यांना बाजारात सोबत न्यायची. मी लहान असताना दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून सगळं ऐकायची. एक बैल चांगला असून भागत नाही, जोड जमली पाहिजे, असं ते म्हणत. उंची एक, रंग एक, शिंगांची वळणं एक, चाल एक. दुरून येताना दोन बैल दिसले तर ती जोड नव्हे, दुरून एकच बैल दिसला पाहिजे. विजोड बैल जुंपलेली गाडी दिसली की आमच्या घरात दोन दिवस त्या माणसाची चेष्टा चालायची. हे सगळं माझ्या हाडात मुरलेलं. लग्नानंतर बैल गेले आणि मोटर आली, पण डोळा तोच राहिला.

त्या साली शिरपूरचं शिबिर आटोपून आम्ही मानोऱ्याच्या पलीकडच्या एका गावात मुक्कामाला होतो. तिथे सोनाबाई भेटली. पन्नाशीची असेल, चार एकरांची मालकीण, नवरा वारलेला, किसन नावाचा एकुलता मुलगा. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्यातला पिकलेला, डाव्यातला अजून कच्चा. कापूस वेचताना तिच्या हातात बोंडाबरोबर पाला यायचा, आणि रांगेतल्या बायका तिला हसायच्या. ती ऑपरेशनला तयार नव्हती. डॉक्टरांनी समजावलं, किसनने समजावलं, ती ऐकेना. शेवटी मी तिच्या ओसरीवर जाऊन बसले, तिच्या हातची चटणी-भाकर खाल्ली आणि तिला कबूल करून घेतलं.

"माय, तू म्हनतेस म्हनून," ती म्हणाली. "डाक्टरले मी ओयखत नाई. तुले ओयखतो."

बायकांनीही 'ओयखतो' म्हणायची आमच्याकडे रीत आहे. त्या एका वाक्याने मी किती फुगले होते ते मला आठवतं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी बदलली, डोळा स्वच्छ होता. पुढची पट्टी पाचव्या दिवशी बदलायची होती. मधे दोन दिवस होते, आणि तेवढ्यात कारंज्याहून निरोप आला की टायरांचा परवाना आला आहे. लढाईमुळे रबर मिळत नव्हतं. प्रवासी मोटारी कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालायच्या, आणि टायर हवं तर आधी अर्ज, मग परवाना, आणि जुनं टायर जमा केल्याशिवाय नवं हातात नाही. आमची मागची दोन टायरं इतकी झिजली होती की आतलं कापड दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, जाऊन येऊ, पाचव्या दिवशी दुपारपर्यंत परत. निघताना मी सोनाबाईचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "मावशी, आमी येईपर्यंत पट्टीले कोनाले हात लावू देऊ नको. दुखलं तरी नाई, खाजलं तरी नाई." तिने मान हलवली. पट्टी तेव्हाच्या रीतीप्रमाणे दोन्ही डोळ्यांवर होती, तिला मी दिसत नव्हते, म्हणून माझ्या बांगड्या चाचपून तिने मला निरोप दिला.

कारंज्यात कापसाच्या बंड्यांची रीघ लागली होती. जिनिंगच्या भिंतींवर, झाडांवर, बैलांच्या शिंगांवरसुद्धा कापसाचे तंतू. डॉक्टर औषधं आणायला गेले, आणि टायर घ्यायला संपत आणि मी. खरं तर मला कुणी जा म्हटलं नव्हतं. मीच म्हटलं, मी बघते.

दुकानदाराच्या गोदामात चारच टायरं होती आमच्या मापाची. त्यातली दोन विजोड. एक बरंच वापरलेलं, दुसरं जरा नवं, नक्षी वेगळी, रंग उतरलेला, धुळीने भरलेली. आणि दुसरी दोन अशी की बघत राहावं. काळीभोर, चकचकीत, एकाच नक्षीची, एकाच उंचीची, भिंतीला शेजारीशेजारी टेकवलेली. बाजारात शिंगं रंगवून, तेल लावून उभी केलेली जोडच जशी.

संपत आधी त्या विजोड टायरांकडे गेला. बाह्या सरकवून त्याने आतून हात फिरवला, सगळा गोल. मग चकचकीत टायरांत हात घातला. एका जागी थांबला. पुन्हा फिरवला.

"बाई, हे जोड वरून नवी दिसते," तो हळूच म्हणाला. "जुन्यावर रबर चढवेल हाय. आतून ठिगय लागते हाताले. ते दोन घ्या. दिसाले भिकार हायेत, पन पोटातून चांगले हायेत. तुमी सोता हात घालून पाहा."

मी हात घातला नाही. माझ्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, अंगावर इस्त्रीचं लुगडं होतं, आणि दुकानदार बघत होता.

"एका गाडीले दोन जातीचे टायर?" मी म्हटलं. "लोक हसतीन."

"हसतीन, पन गाडी पोचीन."

त्याने उलटून बोलावं हे मला सहन झालं नाही. मी जरा मोठ्यानेच म्हटलं, "संपत, वांगे निवडाले नाई आलो आपन इथं. जोड कशी पाहा लागते हे मले नको शिकवू."

दुकानदार हसला. नुसता हसला नाही, खोकला येईपर्यंत हसला. संपतने हात बाहेर काढला, पंचाला पुसला आणि म्हणाला, "बरं बाई." मी बोट दाखवलं, आणि ती जोड आमची झाली. जुनी दोन दुकानदाराने जमा करून घेतली. टायरं चढवल्यावर मी मागे जाऊन चार पावलांवरून मोटर बघितली. फार सुंदर दिसत होती. डॉक्टर आले, त्यांनाही आवडली. "कुणी निवडली?" असं त्यांनी विचारलं असतं तर मी तेव्हा छाती फुगवून सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी पहाटे निघालो. थंडी होती. पावसाळ्यात बंड्यांनी काळ्या मातीत पाडलेल्या चाकोऱ्या आता वाळून दगडासारख्या कडक झाल्या होत्या. समोरून कापसाच्या बंड्या येत होत्या, आणि कारंज्याला माल रिकामा करून परतणाऱ्या बंड्या आमच्याच दिशेने चालल्या होत्या. आठ-दहा मैल गेलो असू, आणि डावीकडचं टायर फुटलं. बंदुकीसारखा आवाज झाला. बैल बुजले. मोटर एका अंगावर बसली, आणि आत माझं दुधाचं भांडं कलंडून सगळ्या अंथरुणावर दूध सांडलं.

संपतने टायर काढून बघितलं. ठिगळाच्या जागीच उसवलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. रस्त्यावर जाऊन एक रिकामी बंडी थांबवली आणि डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, तुमी याच्यात बसून पुढं व्हा. सांजलोक पोचसान. मी ठिगय लावून मांगून येतो."

डॉक्टर उतरायला लागले होते. आणि मी म्हटलं, "काही गरज नाही. तासाभरात ठिगळ होईल, दुपारी पोचू. दुसरं टायर तर चांगलं आहे."

मी असं का म्हटलं? बंडीत बसून आपण त्या गावात शिरलो असतो तर मोटर कुठे आहे, काय झालं, टायर कुणी घेतलं, असे प्रश्न आले असते. आणि अजून मला मनातून खात्री होती की माझी जोड अशी दगा देणार नाही. डॉक्टर माझं ऐकायचे. बंडी निघून गेली.

ठिगळाला तास नाही, दिवस लागला. संध्याकाळी तीन मैल पुढे गेलो आणि उजवीकडचं फुटलं. त्या रात्री आम्ही तिरप्या मोटरीत झोपलो. म्हणजे पडून राहिलो. सकाळी संपतने पुन्हा चिकटवाचिकटवी केली, एक मैल गेलो, पुन्हा तेच. सहाव्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर कुणालाही न विचारता रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि पहिल्या रिकाम्या बंडीत चढले. मीही त्यांच्या मागे चढले. रात्रभर बंडी चालली. पेटीतल्या बाटल्या एकमेकींवर वाजत होत्या.

सातव्या दिवशी सकाळी सोनाबाईच्या अंगणात पोचलो. ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. पट्टी तशीच होती, मी सांगितली तशी. फक्त पिवळी पडली होती आणि तिला वास येत होता. किसन आमच्या अंगावरच आला. दोन दिवस आई दुखण्याने लोळत होती, तो पट्टी सोडायला गेला तर तिने त्याचा हात धरून ठेवला होता.

"मी म्हनलं, बाईनं सांगतलं हाय," सोनाबाई म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "आली का तू माय? मले मालूम होतं तू येशीन."

डॉक्टरांनी पट्टी सोडली. मी शेजारी ताटली धरून उभी होते, बोरिकचं पाणी आणि कापूस. कापूस तिच्याच शेतातला, तिनेच पिंजून दिलेला. डॉक्टरांनी तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. बराच वेळ धुतलं, पुन्हा धुतलं, आणि मग सावकाश नवी पट्टी बांधली. डोळा गेला होता. मी नंतर त्यांना एकदाच विचारलं, पाचव्या दिवशी पोचलो असतो तर वाचला असता का. ते म्हणाले, "नक्की सांगता येत नाही. पण बहुतेक वाचला असता." ते खोटं बोलत नसत, माझं मन राखायलाही नाही.

आठव्या दिवशी संपत मोटर घेऊन आला. टायरांत गवत कोंबकोंबून भरलं होतं त्याने, आणि माणसाच्या चालीने सगळी वाट कापली होती. दोन दिवसांत काही खाल्लं असेल असं वाटत नव्हतं. अंगणात पाच-पंचवीस माणसं जमली होती. किसनने सगळ्यांदेखत विचारलं, "ह्या टायरापायी माह्या मायचा डोया गेला. कोनं घेतले हे?"

डॉक्टर थकले होते. ते त्या गोदामात नव्हते. त्यांनी संपतकडे बघितलं आणि म्हणाले, "टायर बघायचं काम तुझं होतं, संपत. घेताना पाहिली नव्हतीस का?"

संपतने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आपण बाजूला सरून दुसऱ्याला वाट देतो ना, तसं. मी बोलावं म्हणून त्याने जागा करून दिली होती. मी डोळा धुवायला घेतलेल्या ताटलीतल्या पाण्याकडे बघत राहिले.

"पाह्यले होते साहेब," तो म्हणाला.

"मंग तुह्या डोयाले का झालं होतं?" किसन म्हणाला आणि त्याच्या पायाशी थुंकला. कुणीतरी मागून आणखी शिव्या दिल्या. ओसरीवरून सोनाबाईनेही तोंड त्या आवाजाकडे वळवलं आणि तळतळून म्हणाली, "तुहं भलं होनार नाई रे बाप्पा." मग हात पुढे करून तिने मला शोधलं, आणि मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती माझा हात कुरवाळत होती. संपत खाली मान घालून टायरांतलं गवत उपसायला लागला.

डॉक्टरांनी त्याला लगेच काढलं नाही. पण पूर्वीसारखं त्याच्याशी बोलणं राहिलं नाही, आणि शिमगा झाल्यावर पुढच्या वर्षी येऊ नकोस म्हणून सांगितलं. गावोगाव गोष्ट पसरली होती, कुठल्या लॉरीवाल्यानेही त्याला पुन्हा ठेवलं नाही. सोनाबाईने डावा डोळा कधीच दाखवला नाही. पुढच्या साली गेलो तेव्हा तोही पुरता पिकला होता, ती वेचायला जात नव्हती, अंगणात बसून सरक्या निवडत होती, बोटांनी चाचपून. मला आवाजावरून ओळखलं आणि चटणी-भाकर वाढली. मी ती खाल्ली. कशी खाल्ली देव जाणे, पण खाल्ली.

डॉक्टर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांना मी सांगितलं नाही. चाळीस वर्षांचा संसार, आणि त्यात न सांगितलेली ही एकच गोष्ट. आजारपणात ते एकदा जुन्या दिवसांबद्दल बोलत होते. म्हणाले, "तो संपत, माणूस चांगला होता, टायरांत मात्र चुकला." मी त्यांच्या पायांना तेल चोळत होते. चोळत राहिले.

ते गेल्यावर दोन वर्षांनी मी एस.टी.ने कारंज्याला गेले. विचारत विचारत मळ्यावर पोचले. संपत म्हातारा झाला होता, पाठीत वाकला होता, मिरच्यांना पाणी देत होता. मला ओळखायला त्याला क्षण लागला. मग त्याने फावडं खाली ठेवलं, खाट टाकली, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मी खाटेवर बसले नाही. उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं, पाठ करून आले होते तसं. टायरं मी घेतली, बंडी मी परत पाठवली, आणि त्या अंगणात मी गप्प राहिले.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते मले मालूमच हाय ना बाई. मी होतो ना तिथं."

मी म्हटलं, माफ कर.

तो पाण्याच्या दांडाकडे बघत होता. "त्या दिवशी नाई बोलल्या, त्याचं काई नाई," तो म्हणाला. "एवढे लोक होते, मानूस घाबरते. पन मी शिमग्यालोक होतो तुमच्या गाडीवर. चार महिने. रोज वाटे, आज बाई साहेबाले सांगतीन. काहून नाई सांगतलं?"

"भीती वाटली," मी म्हटलं.

"कायची?"

त्याने टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं, टायरात हात फिरवावा तसं. आणि मी पहिल्यांदाच नीट विचार केला, की मी सांगितलं असतं तर काय झालं असतं. डॉक्टरांनी मला मारलं नसतं, टाकलं नसतं, माहेरी पाठवलं नसतं. ते तसले नव्हतेच. दोन दिवस माझ्याशी बोलले नसते. एवढंच झालं असतं.